नाड्याखालची जखम

(नागपूरच्या प्रताप नगरातील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



आज त्वचेच्या कॅन्सरवर बोलायचं ठरलं, तेव्हा आपल्यातल्याच एकीनं विचारलं, "ताई, हा तर गोऱ्या लोकांचा रोग ना? आपल्याला कशाला?" तिचं अगदीच चुकलं नव्हतं. आपल्या कातडीतला काळा रंग उन्हापासून आपलं बरंच रक्षण करतो, म्हणून गोऱ्या देशांच्या मानानं आपल्याकडे हा रोग कमी आहे. पण कमी आहे म्हणजे नाही असं नव्हे. आणि आपल्याकडे तो पुष्कळदा अशा जागी होतो, जिथे ऊन पोचतच नाही.

आधी त्याचे तीन मुख्य प्रकार समजून घेऊ. नावं इंग्रजी आहेत, पण ती कानावरून गेलेली बरी.

पहिला बेसल सेल. हा बहुधा चेहऱ्यावर होतो, नाकाच्या किंवा डोळ्यांच्या आसपास. मोत्यासारखी चकाकणारी गाठ येते, किंवा न भरणारा फोड. तो सहसा शरीरात पसरत नाही, पण दुर्लक्ष केलं तर जागच्या जागी मांस खात जातो.

दुसरा स्क्वॅमस सेल. हा उन्हानं होतो, तसाच जुन्या जखमेत, भाजल्याच्या व्रणात, सतत घासल्या जाणाऱ्या कातडीतही होतो. जाड, खरखरीत, रक्ताळणारी जखम दिसते. हा जवळच्या गाठींपर्यंत पसरू शकतो.

तिसरा मेलॅनोमा. हा सर्वात कमी आढळतो, पण सर्वात घातक. काळा डाग वाढतो, वेडावाकडा होतो, रंग बदलतो. आपल्यासारख्या सावळ्या लोकांत तो बरेचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली असतो. तळपाय कोण बघतं हो? भेगांना तेल लावतानासुद्धा आपण न बघताच लावतो.

आता आपल्या दारातली गोष्ट. २०२४ साली वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी दोन स्त्रियांची हकीकत एका वैद्यकीय नियतकालिकात छापली. एक सत्तर वर्षांची. उजव्या कुशीवर दीड वर्षापासून न भरणारी जखम, बरोबर परकराचा नाडा बसतो त्या जागी. दुसरी सत्तरीच्या जवळ आलेली, चाळीस वर्षं रोज लुगडं कंबरेला घट्ट कसून नेसणारी. तिची जखम दोन वर्षांची होती. दोघींनाही स्क्वॅमस सेल कॅन्सर निघाला. दुसरीचा तर जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता.

हे नवीन नाही. १९४५ साली डॉ. खानोलकर आणि बी. सूर्याबाई यांनी धोतर कसून नेसणाऱ्यांच्या कंबरेवरच्या कॅन्सरची नोंद केली होती. कारण तेच: वर्षानुवर्षं एकाच जागी दाब, घर्षण, घाम आणि धूळ. आधी कातडी काळी किंवा पांढरी पडते, खाज येते, साल निघते. मग चीर पडते. ती भरते, पुन्हा उघडते, आणि क्वचित कधी त्यातून कॅन्सर होतो. क्वचित म्हणते आहे, घाबरू नका. नाड्याचा काळा वळ आपल्यापैकी कितीतरी जणींच्या कंबरेला आहे, आणि त्यातल्या बहुतेकींना कॅन्सर होणार नाही.

पण मला नाड्यापेक्षा त्या दीड वर्षाबद्दल आणि दोन वर्षांबद्दल बोलायचं आहे.

धुणीभांडी करणाऱ्या एका मावशींबरोबर मी दवाखान्यात गेले होते. कंबरेवर रुपयाएवढी जखम, वर्ष झालेलं. हळद लावली, खोबरेल लावलं, दुकानातून विचारून मलम आणलं. जखमेवर फडकं ठेवून वर नाडा बांधायचा आणि कामाला जायचं. डॉक्टर रागावले, "इतके दिवस काय करत होता?" मावशी म्हणाल्या, "काम." बाहेर आल्यावर मला हळूच म्हणाल्या, "परपुरुषासमोर नाडा कसा सोडायचा, बाई?" घरात सुनेला माहीत होतं, नवऱ्याला नव्हतं. जखमेचा तुकडा तपासला, कॅन्सरच होता. ती जागा कापून मांडीची कातडी बसवली. सुदैवानं गाठीपर्यंत पोचला नव्हता. आता त्या सैल गाऊन घालून कामावर जातात. शेजारणी हसतात, त्या लक्ष देत नाहीत.

म्हणून मी म्हणते, नाडा घट्ट होता ही अर्धीच गोष्ट झाली. बाईनं आपलं अंग झाकावं, दुखणं गिळावं, खर्च काढू नये, हा फास त्याहून घट्ट आहे. उद्या कुणी म्हणेल, बायका साडी नेसतात म्हणून कॅन्सर होतो. तसं ऐकून घेऊ नका. साडी नेसा, नाहीतर सलवार घाला, तुमची मर्जी. फक्त कसून बांधू नका. बारीक दोरीऐवजी रुंद पट्टी लावा, बांधायची जागा थोडी वरखाली करत राहा, आंघोळीनंतर कंबर नीट कोरडी करा. कातडीचा रंग बदलला तर काही दिवस सैल कपडे घाला.

आणखी एक. आपल्या संघटनांनी जळित बायकांच्या केसेस लढवल्या आहेत. पोलीस, जबाब, कोर्ट सगळं केलं. पण जी वाचली, तिला आपण सांगितलं का, की भाजल्याच्या व्रणात वीस-तीस वर्षांनीसुद्धा कॅन्सर होऊ शकतो? व्रणावर नवी जखम झाली, गाठ आली, वास यायला लागला, तर लगेच दाखवायचं. हे सांगणं आपलंच काम आहे.

कुठलीही जखम महिनाभरात भरली नाही तर मलमं बदलत बसू नका. मेडिकलला जा, मेयोला जा किंवा तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलला जा, आणि तुकडा तपासायचा का ते स्वतः विचारा. तुकडा काढल्यानं रोग पसरतो, हा गैरसमज आहे. बाई डॉक्टर हवी असेल तर तसं मागा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. एकटीला भीती वाटली तर गटातल्या कुणालातरी बरोबर न्या.

आज घरी गेल्यावर एवढंच करा. दार लावा, दिवा लावा, नाडा सोडा आणि आपली कंबर बघा. मग तळपाय बघा. पाठ आपल्याला दिसत नाही, ती बहिणीला किंवा मैत्रिणीला बघायला सांगा. पुढच्या बैठकीत मी प्रत्येकीला विचारणार आहे.