कष्ट आणि व्यायाम : कामगाराच्या हृदयाविषयी
(संस्थेच्या वार्षिक सभेनंतर हृदयरोग विभागातर्फे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सभेचे कामकाज आटोपल्यावर हृदयाविषयी चार शब्द बोलावेत, अशी विश्वस्तांची सूचना होती. आहार, मधुमेह, कोलेस्टेरॉल हे विषय आपण या व्यासपीठावरून पूर्वी ऐकले आहेत. यंदा आम्ही एक प्रश्न घेऊन उभे आहोत. तो आमच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या यंत्रमाग कामगाराचा, फौंड्रीतल्या कारागिराचा आणि गोदामातल्या हमालाचा आहे. "रोज अर्धा तास चालत जा," असे सांगितले की तो हसून म्हणतो, "डॉक्टरसाहेब, बारा तास मागांमध्ये येरझाऱ्या घालतो. आता आणखी कुठं चालू?"

या प्रश्नाला आम्ही बरीच वर्षे नीट उत्तर दिले नाही, हे प्रथमच कबूल करतो. छातीत जळजळ होते म्हणून पन्नाशीच्या आतले एक गृहस्थ आमच्याकडे आले होते. ट्रकमध्ये माल चढविणे हे त्यांचे काम. अंगकाठी कणखर, पोट सुटलेले नाही. आम्ही आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या आणि केसपेपरवर 'व्यायाम : भरपूर' असे लिहून मोकळे झालो. वर्षभराने त्यांच्या पत्नीने त्यांना जवळजवळ ओढूनच पुन्हा आणले. या खेपेस आपल्या देणगीतून आलेल्या ट्रेडमिलवर त्यांची तपासणी झाली. "एवढं तर मी सकाळी दहाच्या आत चढउतार करतो," असे ते म्हणत होते, आणि सहाव्या मिनिटाला आलेख बदलला. अँजिओग्राफीत हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या आढळल्या. वेळीच उपचार झाले म्हणून ते आज बरे आहेत. त्या जुन्या केसपेपरवरचे दोन शब्द मात्र आमच्याच हस्ताक्षरातले होते.

कष्टाची कामे करणाऱ्याला हृदयविकार होत नाही, ही समजूत केवळ कामगारांची नाही, वैद्यकशास्त्राचीही होती. आणि तिला आधारही होता. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. एकाच गाडीवर दोन माणसे. चालक पाळीचा बहुतेक वेळ बसून असे, तर तिकिटे देणारा वाहक दिवसाकाठी पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढे. सुमारे ३१ हजार कर्मचाऱ्यांच्या नोंदींवर आधारलेले हे निष्कर्ष १९५३ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. वाहकांना हृदयविकार कमी होई, आणि झाला तरी तो बहुधा सौम्य असे. चालकांचे तसे नव्हते. टपाल खात्यातही पायी वा सायकलवर हिंडणारे पोस्टमन आणि खुर्चीवरचे कारकून यांच्यात असाच फरक दिसला.

मॉरिस यांचा प्रामाणिकपणा आम्हाला विशेष वाटतो. चालक मुळातच स्थूल तर नव्हते ना, ही शंका त्यांनी स्वतःच उपस्थित केली आणि गणवेशांची मापे तपासली. चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर तरुण वयापासूनच मोठा होता! म्हणजे सगळे श्रेय जिन्याला देता येत नव्हते. त्यांनी ते १९५६ साली जाहीरपणे मांडले आणि पुढे फुरसतीच्या वेळेतील व्यायामाकडे लक्ष वळविले. स्वतः ते नियमित धावत. २००९ साली ते निवर्तले, तेव्हा त्यांना शंभरी गाठण्यास काही महिनेच उरले होते.

अमेरिकेतील डॉ. राल्फ पॅफेनबर्गर यांनी सॅन फ्रान्सिस्को बंदरातील ६,३५१ गोदी कामगारांचा २२ वर्षांचा मागोवा घेतला. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जड कामे करणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी आढळले. मग आमच्या रुग्णाचे काय चुकले?

उत्तराचा एक भाग डेन्मार्कमधून आला. कोपनहेगन परिसरातील एक लाखाहून अधिक स्त्रीपुरुषांच्या पाहणीचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. फुरसतीत चालणारे, खेळणारे, सायकल चालविणारे यांना हृदयविकाराचा धोका कमी होता. मात्र ज्यांचे कामच अतिकष्टाचे, त्यांना तो वाढलेला होता. धूम्रपान, शिक्षण, उत्पन्न यांचा हिशेब करूनही फरक उरला. याविषयी संशोधकांत अद्याप एकमत नाही, आणि गरिबीचे सगळेच भोग आकड्यांत पकडता येतात असे आम्हालाही वाटत नाही. पण रोज जे पाहतो, त्याच्याशी हे जुळते.

कारण समजण्यास कठीण नाही. मोकळ्या हातांनी भरभर चालताना पायांचे मोठे स्नायू लयीत आकुंचन पावतात, रक्तवाहिन्या रुंदावतात, नाडी वाढते आणि थांबल्यावर खाली येते. पुढे दिवसभर हृदयाला उसंत मिळते. पोते उचलताना स्नायू आवळलेले राहतात, श्वास रोखला जातो, रक्तदाब एकदम चढतो, आणि तो पुरता उतरण्यापूर्वी दुसरे पोते पाठीवर येते. व्यायामाचा वेग माणूस स्वतः ठरवितो. कामाचा वेग यंत्र ठरविते, नाहीतर मुकादम. त्यात फौंड्रीची उष्णता. घामावाटे पाणी गेले की तेवढेच रक्त फिरविण्यास हृदयाला अधिक ठोके द्यावे लागतात. मागांचा खडखडाट केवळ कान बधिर करीत नाही, सततच्या आवाजाने रक्तदाबही वाढतो. रात्रपाळीने झोप मोडते, आणि ती रात्र जागविण्यासाठी तंबाखूचा बार भरला जातो. हे सगळे वजा केल्यावर उरेल तो व्यायाम!

कांडी भरणाऱ्या आणि शिलाईकाम करणाऱ्या भगिनींची गोष्ट निराळी. त्या तासन्‌तास एका जागी बसतात, घरी परतल्यावर चुलीपुढे उभ्या राहतात, आणि धाप लागते, थकवा येतो ही तक्रार सर्वांत शेवटी सांगतात. स्त्रियांमध्ये हृदयविकार पुष्कळदा असाच, छातीत फारसे न दुखता येतो.

तेव्हा सर्वांना एकच औषध देणे आम्ही आता सोडले आहे. क्रेनवर, शिलाई यंत्रावर वा वाहनात बसून काम करणाऱ्यास आम्ही चालण्यास सांगतो. आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेले माप आहे, आणि ते दहा-दहा मिनिटांनी पुरे केले तरी चालते. ओझी वाहणाऱ्यास मात्र प्रथम विचारतो, मधली सुट्टी खरोखर मिळते का? पाणी किती पिता? झोप किती? तंबाखू? रक्तदाब कधी मोजला? चालणे त्यालाही हितकारकच आहे, पण सुट्टीच्या दिवशी, बेताने आणि रिकाम्या हातांनी.

येथे सभागृहात बसलेल्या कारखानदार देणगीदारांशी थोडे स्पष्ट बोलण्याची परवानगी असावी. आपल्या औदार्यावर हा विभाग उभा आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली होती. ती किती ठिकाणी प्रत्यक्षात मिळाली, हे आमच्यापेक्षा आपण अधिक जाणता. आपल्या देशातील काही उद्योगांत कर्मचाऱ्यांसाठी आरोग्यशिक्षण, तपासणी आणि उपाहारगृहातील अन्नात बदल असा कार्यक्रम काही वर्षे राबविला गेला. २००९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा तेथील लोकांचा रक्तदाब आणि कमरेचा घेर कमी झालेला आढळला. त्यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागले नव्हते. दुसरी ट्रेडमिल देऊ करणाऱ्या एका सद्‌गृहस्थांना आम्ही नम्रपणे सुचविले की, यंदा त्याऐवजी आपल्या गोदामात थंड पाण्याची सोय, चार बाके आणि माल हलविण्यास हातगाडे द्यावेत. त्यांनी विचार करतो असे सांगितले आहे.

नातेवाइकांना एवढेच सांगणे आहे. छातीत दडपण, डावा हात वा जबडा दुखणे, दरदरून घाम, अकारण धाप, यांपैकी काहीही झाल्यास पाळी संपण्याची वाट पाहू नका. गोळी घेऊन झोपू नका. 'राबणारा माणूस आहे, त्याला काय होतंय' असे शेजारी म्हणतील; त्याच पावली येथे घेऊन या. ईसीजीला पाच मिनिटे लागतात, आणि पैशांचा प्रश्न त्यानंतर पाहता येतो. कामाचा खाडा होऊ नये म्हणून रक्तदाब तपासणीची खिडकी साप्ताहिक सुट्टीच्या दिवशीही सकाळी उघडी असते. येताना जुने केसपेपर आणावेत. त्यांवर आम्ही काय लिहिले होते, हे आम्हालाही पाहावयाचे असते.