टोनचे नॉब नक्की कुठे बसतात? गिटार अँपमधला क्रम

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचा मजकूर इथे देतोय. जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त आकडे नीट लिहिलेत.

गणपती जवळ आले की ऑर्केस्ट्रात किंवा कॉलेजच्या बँडमध्ये गिटार वाजवणाऱ्या मुलांचा एक प्रश्न हमखास येतो. "दादा, डिस्टॉर्शन लावलं की आवाज गढूळ होतो. बेस पूर्ण शून्यावर नेला तरी साफ होत नाही. नवीन अँप घेऊ का?" हा पंधरा-वीस हजारांचा प्रश्न आहे, आणि विचारणारा बहुतेक वेळा अजून शिकत असतो किंवा नुकता कामाला लागलेला असतो. माझं उत्तर असं की थांब, आधी एक गोष्ट बघ. तू जो बेसचा नॉब फिरवतोयस तो डिस्टॉर्शनच्या आधी आहे की नंतर? पैसे खर्च करायचे की नाही, हे बऱ्याचदा तिथेच ठरतं.

आधी रस्ता समजून घेऊ

गिटारच्या पिकअपमधून निघणारा सिग्नल अगदी लहान असतो, व्होल्टच्या काही दशांश भागाएवढा. तो प्रीअँपमध्ये एक-दोन किंवा जास्त टप्प्यांत मोठा होतो, मग पॉवर अँपमध्ये जातो आणि शेवटी स्पीकरमध्ये. या रस्त्यावर कुठेतरी ट्रेबल, मिड आणि बेसचे नॉब बसवलेले असतात. बाहेरून सगळ्या अँपचे नॉब सारखेच दिसतात. आत मात्र ते रस्त्याच्या वेगवेगळ्या ठिकाणी असतात, आणि सगळा फरक तिथेच पडतो.

क्लीन आवाजात क्रमाने फारसं बिघडत नाही. सिग्नल आधी दहापट करा आणि मग बेस अर्धा करा, किंवा आधी बेस अर्धा करून मग दहापट करा, उत्तर तेच. गुणाकारात क्रम बदलला तरी चालतो ना, तसं.

डिस्टॉर्शन म्हणजे गुणाकार नव्हे. अँपच्या एखाद्या टप्प्याला एक कमाल मर्यादा असते. सिग्नल तिच्या वर जायला लागला की वरचा भाग छाटला जातो. एकदा छाटलेलं पुढे कुठलाही नॉब जोडून देत नाही. मोबाईलवर उन्हात काढलेल्या फोटोत आकाश पांढरंफटक आलं, की नंतर ब्राइटनेस कितीही कमी करा, ढग परत येत नाहीत. तसंच हे.

आणि छाटताना नुसतं काही हरवत नाही, नवीन सूर तयारही होतात. एक उदाहरण घेऊ. ए म्हणजे ११० हर्ट्झ आणि त्याच्या वरचा सी शार्प म्हणजे साधारण १३९ हर्ट्झ, हे दोन सूर एकत्र वाजवले. क्लीनमध्ये छान मेजर थर्ड ऐकू येतो. डिस्टॉर्शनमधून गेले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्या बाहेर पडतात: २४९, २९, आणि पहिल्याच्या दुपटीतून दुसरा वजा केला की ८१. हे ८१ हर्ट्झ तुमच्या कॉर्डमध्ये कुठेच नव्हतं, ए च्या सप्तकातल्या कुठल्या सुराशी त्याचं नीट जुळतही नाही. हाच तो गढूळपणा.

आता पॉवर कॉर्ड बघा. ए ११० आणि ई १६५. वजाबाकी ५५, बेरीज २७५, आणि बाकीचे सूरसुद्धा ५५ च्या पटीतच येतात. म्हणून रॉकमध्ये पॉवर कॉर्ड चालतो आणि पूर्ण मेजर कॉर्ड डिस्टॉर्शनवर चिखल करतो.

मुद्दा असा की हा चिखल डिस्टॉर्शनच्या जागी तयार होतो. त्याच्या आधी बेस कमी केला तर खालचे सूर छाटले जाण्याइतके जोरात पोचतच नाहीत, चिखल कमी होतो. नंतर बेस कमी केला तर झालेला चिखल फक्त हळू ऐकू येतो, आणि त्याच्याबरोबर गिटारचा चांगला जाडपणाही जातो.

आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर बांगड्याला तळण्याआधी मीठ, मसाला, आगळ लावून ठेवणं वेगळं आणि तळून झाल्यावर वरून लिंबू पिळणं वेगळं. दोन्हीत आंबटपणाच घालताय, पण पहिला आत मुरतो, दुसरा वर राहतो. कोणी फक्त लिंबावर भागवत असेल तर चव का लागत नाही हे त्याने माशाला विचारू नये.

मोठ्या कंपन्यांनी काय केलं

फेंडरच्या १९६३ नंतरच्या ब्लॅकफेस अँपमध्ये टोनचे नॉब पहिल्या व्हॉल्व्हच्या टप्प्यानंतर लगेच येतात आणि व्हॉल्यूम त्यांच्या नंतर. म्हणजे आवाज मोठा करून अँप फाटायला लागला तर त्या फाटण्याच्या आधीच टोन ठरलेला असतो. त्यात एक अडचणही आहे. हे नॉब पॅसिव्ह असतात, ते सिग्नल वाढवत नाहीत, फक्त कमी करतात, आणि मधले सूर तर साधारण दहाव्या हिश्श्यावर येतात. सिग्नल लहान असतानाच एवढा कमी झाला की पुढच्या टप्प्याला तो पुन्हा वाढवावा लागतो, आणि त्या टप्प्याची थोडी सूं-सूंही सोबत वाढते. जाता जाता, सगळे नॉब ५ वर ठेवले म्हणजे आवाज सपाट झाला असं समजू नका. फेंडरमध्ये तेव्हाही मधल्या सुरांत खड्डा असतोच.

मार्शलची गोष्ट वेगळी. १९६२ मध्ये लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानात जेटीएम ४५ तयार झाला, तो फेंडरच्याच जुन्या बासमन अँपच्या सर्किटवरून. त्या बासमनमध्ये टोनचे नॉब प्रीअँपच्या शेवटी होते, मार्शलने तेच ठेवलं. म्हणजे प्रीअँपमध्ये आधी वाढ, आधी छाटणी आणि मग टोन. मार्शलचा गेन वाढवून बेस फिरवला तर छाटणीचा पोत तसाच राहतो, बदलते ती ऐकू येणारी जाडी. पॉवर अँपही जोरात चालवला तर त्याच्यासाठी मात्र हे नॉब 'आधी'च ठरतात. म्हणून 'आधी' आणि 'नंतर' म्हणताना कुठल्या छाटणीच्या आधी, हेही विचारायचं.

मेसा बूगीने मार्क मालिकेत दोन्ही केलं. तिथे टोनचे नॉब फेंडरसारखे सुरुवातीला, त्यांच्या पुढे भरपूर गेन, आणि कितीतरी मॉडेल्सना सगळ्याच्या नंतर पाच पट्ट्यांचा ग्राफिक ईक्यू. म्हणून हे अँप वाजवणारे लीडसाठी बेसचा नॉब अगदी खाली ठेवतात आणि हवी ती जाडी शेवटी ८० हर्ट्झच्या पट्टीवरून परत घेतात. आत बेस कमी, बाहेर बेस जास्त. विचित्र वाटतं, पण हिशोब बरोबर आहे.

प्रेझेन्स नावाचा नॉब दिसतो तो या तिघांपेक्षा वेगळा. तो बहुतेक व्हॉल्व्ह अँपमध्ये पॉवर अँपच्या फीडबॅकवर काम करतो, म्हणजे जवळजवळ रस्त्याच्या टोकाला.

आणि आपल्या स्टेजवर?

खरं सांगायचं तर आपल्याकडच्या मंडळाच्या कार्यक्रमात गिटारचा अँप असतोच कुठे! प्रोसेसरमधून वायर सरळ मिक्सरला, मिक्सर पीएला. साउंडवाला दादा त्याच्या चॅनलवरचा बेस कमी करतो, ट्रेबल वाढवतो. मनापासून करतो, पण तो नॉब डिस्टॉर्शनच्या नंतर आहे. त्याच्या हातात फक्त लिंबू आहे.

त्यात आणखी एक भर. गिटारचा १२ इंची स्पीकर साधारण ५ हजार हर्ट्झनंतर झपाट्याने उतरतो. डिस्टॉर्शनचा वरचा करकरीतपणा तो आपोआप गिळतो, म्हणजे स्पीकर हा सुद्धा एक टोन कंट्रोलच, अगदी शेवटचा. पीएचा हॉर्न असं काही गिळत नाही. म्हणून प्रोसेसरमध्ये कॅबिनेटचं सिम्युलेशन बंद असेल तर डब्यात माशी अडकल्यासारखा आवाज येतो.

माझ्या एका मित्राच्या बाबतीत गेल्या वर्षी हेच झालं. रिहर्सलला सोलो गर्दीत बुडत होता आणि अँप बघायला मुंबईला जायचं ठरत होतं. आम्ही प्रोसेसरमधला ईक्यूचा ब्लॉक ड्राइव्हच्या मागून उचलून पुढे आणला, १५० हर्ट्झच्या खालचं कमी केलं, ७०० ते ८०० च्या आसपास थोडं वाढवलं आणि कॅबिनेट चालू केलं. दहा मिनिटांचं काम. सोलो वर आला आणि मुंबईची फेरी रद्द झाली.

तुम्ही काय करायचं

पहिलं, चाचणी. गेन भरपूर ठेवा, खालच्या तारांवर कॉर्ड वाजवा आणि बेस शून्यापासून दहापर्यंत न्या. डिस्टॉर्शनचा पोतच बदलला, घट्टचा फसफशीत झाला, तर नॉब आधी आहे. पोत तोच आणि फक्त घुमणं वाढलं, तर नंतर.

दुसरं, फुकटचा उपाय. गिटारवरचे व्हॉल्यूम आणि टोन हे कायम सगळ्याच्या आधी असतात. ब्रिज पिकअप घ्या, व्हॉल्यूम ७ वर आणा आणि ऐका. कित्येकांचे पैसे इथेच वाचतात.

तिसरं, थोडा खर्च चालत असेल तर अँपच्या आधी ट्यूब स्क्रीमर जातीचा पेडल. त्यात साधारण ७२० हर्ट्झच्या खालच्या सुरांना छाटणीपूर्वीच कमी कमी गेन मिळतो, आणि त्याचा टोनचा नॉब छाटणीनंतर आहे. एवढ्याशा डब्यात दोन्ही जागा! ड्राइव्ह कमी, लेव्हल जास्त ठेवा. साधा ईक्यू पेडलही चालेल, फक्त तो ड्राइव्हच्या आधी लावा.

आणि एक ताकीद. हे ऐकून नॉबची जागा बदलायला व्हॉल्व्हचा अँप उघडायला बसू नका. आत ४०० व्होल्ट किंवा त्याहून जास्त असू शकतात, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका चार्ज राहू शकतो. ते काम जाणकार माणसाचं.

एवढं सगळं करूनही आवाज पटला नाही तर खुशाल नवीन अँप घ्या. तेव्हा निदान दुकानात काय विचारायचं ते माहीत असेल: टोन गेनच्या आधी आहे की नंतर, आणि इफेक्ट लूप आहे का. लूप असेल तर प्रीअँपच्या नंतरही ईक्यू लावता येतो.

चाचणी करा आणि तुमच्या अँपमध्ये नॉब कुठे निघाला ते कळवा. पुढच्या भागात रिव्हर्ब आणि डीलेचा क्रम घेऊ, तिथेही हेच भांडण आहे. तोवर वाजवत राहा. भेटूया!