कागद सुटला तरी अंक सुटू नये

विद्यार्थ्यांचं नियतकालिक इंटरनेटवर न्यावं की नाही, हा वाद आता संपल्यात जमा आहे. ते जाणारच. जाताना सोबत काय न्यायचं, एवढंच आपल्या हाती उरलंय, आणि माझं म्हणणं असं की कागद खुशाल सोडा, अंक सोडू नका. ठरल्या तारखेला बंद होणारा, संपादकाच्या नावानं निघणारा आणि एकदा निघाला की गुपचूप न बदलणारा मजकूर, त्याला मी अंक म्हणतो.

आपण जमलो आहोत त्या औंधाला हा विषय परका नाही. काही काळ इथं शिकलेले साने गुरुजी 1924 मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. वसतिगृहातल्या मुलांसाठी त्यांनी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक चालवलं आणि 1928 मध्ये ‘विद्यार्थी’ हे मासिक काढलं. हस्तलिखिताचे वाचक एकाच छपराखालचे, पण कालची गोष्ट त्यांना आज वाचायला मिळे. मासिक वसतिगृहाबाहेर जाऊ शकलं, मात्र रोजचा ताजेपणा त्याला शक्यच नव्हता. माध्यम बदललं की वाचक बदलतो आणि लिहिण्याची घाईही बदलते. औंध संस्थानातल्याच किर्लोस्करवाडीत 1920 साली ‘किर्लोस्कर खबर’ सुरू झालं ते कारखान्याचं घरचं पत्र म्हणून. संपादक शंकरराव किर्लोस्करांच्या हाताखाली ते इतकं वाढलं की 1929 मध्ये नावातला ‘खबर’ गळून नुसतं ‘किर्लोस्कर’ राहिलं. माळावरच्या वसाहतीतला तो अंक टपालानं महाराष्ट्रभर जाई. कागदाचे गोडवे गाणारे विसरतात की कागदालाही पोचवणारं जाळं लागतंच. आजचं जाळं स्वस्त आहे आणि पोस्टमनची वाट पाहावी लागत नाही.

तरीही आज पुष्कळ ठिकाणी होतं ते असं: वार्षिक अंक श्रीलिपी या टंकप्रणालीत जुळवायचा, छापखान्याला दिलेली पीडीएफच संकेतस्थळावर चढवायची आणि अंक ऑनलाइन झाला म्हणून टाळ्या घ्यायच्या. मोबाइलवर दोन रकान्यांचं पान बोटांनी ताणत कोण वाचणार? शिवाय मजकूर युनिकोड या सर्वमान्य अक्षरसंकेतात नसला तर शोधयंत्राला तो मराठी म्हणून ओळखताच येत नाही. एखाद्या मुलीनं आपल्या कवितेचं नाव टाकून शोध घेतला तर हाती काही लागत नाही. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलीचं यानं भागतं, वाचकाचं भागत नाही. त्यापेक्षा दरमहा सातआठच लेख द्यावेत, प्रत्येकाला युनिकोडमध्ये स्वतंत्र पान द्यावं आणि वर महिना व संपादकांची नावं ठळक असावीत.

यावर तरुण मित्र विचारतील, मग अंकाची अट तरी कशाला? सुचलं, लिहिलं, टाकलं, इतकं सोपं असताना महिनाभर थांबायचं का? उत्तर जागेच्या टंचाईत आहे. छापील अंकाला सोळा पानं असत, म्हणून कुणीतरी लेख कापत असे, आणि आपला परिच्छेद वर्गमित्रानं का कापला यावर भांडताना मुलगा लिहायला शिकत असे. पडद्यावर जागा संपत नाही, त्यामुळे कापायचं कारणच उरत नाही. ते कारण संपादक मंडळानं स्वतःवर लादून घ्यावं लागेल. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. खटाव-माण भागात किती घरांत फोन एकच असतो, आणि तोही दिवसभर वडिलांच्या खिशात! हे खरं आहे, म्हणून मोजक्या प्रती छापाव्यातच: एक वाचनालयात, एक भित्तिपत्रकाच्या फळ्यावर, एक एसटी स्थानकात. त्याला छापखाना लागत नाही, ऑफिसातला प्रिंटर पुरतो.

टिकण्याचा प्रश्न मात्र मला सर्वांत अवघड वाटतो. छापील पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवण्याचं बंधन 1954 च्या कायद्यानं घातलं, आणि 1956 पासून ते वृत्तपत्रांनाही लागू झालं. कॉलेजचे अंक या वाटेनं सहसा जात नाहीत, पण ग्रंथपालाच्या कपाटात दोन प्रती तरी उरतात. ऑनलाइन अंकाचं कपाट म्हणजे दरवर्षी भरायचं नूतनीकरण शुल्क आणि एक पासवर्ड. संपादक तर तिसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन निघून जाणार! म्हणून खातं विद्यार्थ्याच्या नावे नकोच, ते ग्रंथालयाच्या नावे हवं, आणि प्रत्येक अंकाची नक्कल ग्रंथपालाकडे वेगळी जपलेली हवी. चूक सुधारली तर तारखेसह तळटीप द्यावी. अठराव्या वर्षी लिहिलेली कविता तिसाव्या वर्षी नकोशी झाली आणि कुणी ती काढायला सांगितली, तर लेखकाचं नाव झाकावं, कविता अंकात राहू द्यावी.