'पास आऊट' म्हणजे काय?



नोकरीच्या अर्जात आपली मुले एक वाक्य हटकून लिहितात : 'आय पास्ड आऊट इन 2019.' त्यांच्या मनात असते, 'मी 2019 साली पास होऊन बाहेर पडलो.' बाहेर म्हणून 'आऊट' जोडला, हिशेब सरळ आहे. पण ते वाचणारा इंग्रज असेल तर त्याला वाटेल, हा उमेदवार 2019 साली बेशुद्ध पडला होता!

इंग्रजीत क्रियापदाला असा लहानसा शब्द चिकटला की पुष्कळदा तिसराच अर्थ निघतो. 'पास आऊट' म्हणजे घेरी येऊन शुद्ध हरपणे. 'पास अवे' म्हटले तर माणूस वारलाच. तेव्हा परदेशातील इस्पितळातून फोन आला तर कोणता शब्द ऐकला, याची दोनदा खात्री करून घ्यावी.

मग आपला प्रयोग निव्वळ चूक आहे काय? मी तसे म्हणणार नाही. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत 'पासिंग आऊट परेड' होतेच. शिक्षण पुरे करून बाहेर पडणे हा अर्थ खुद्द ब्रिटिश इंग्रजीत आहे, परंतु तो मुख्यतः सैनिक व पोलीस यांच्यापुरता. आपण तो कॉलेजला लावला. (परेडच्या उन्हात एखादा कॅडेट कोसळला, तर तो दोन्ही अर्थांनी 'पास आऊट'!) भारतात हा प्रयोग सर्वांना समजतो. पण आपली कितीतरी मुले आखातात, इंग्लंडात अर्ज पाठवतात. तिथे अर्ज कोणाच्या हाती पडेल, सांगता येत नाही.

अमेरिकेत आणखी एक अर्थ आहे, वाटणे. 'द टीचर पास्ड आऊट द पेपर्स.' येथे 'पेपर्स'ऐवजी 'देम' आले तर ते मध्येच बसते : 'पास्ड देम आऊट.'

तर अर्जात काय लिहावे? पदवीधराने लिहावे, 'आय ग्रॅज्युएटेड इन 2019.' कॉलेजचे नाव घालायचे तर त्याआधी 'फ्रॉम' हवे. दहावीसाठी, 'आय पास्ड द एस. एस. सी. एक्झामिनेशन इन 2014.' 'पास्ड'नंतर लगेच 'इन' नको. आपण मराठीत 'परीक्षेत पास' म्हणतो, उर्दूत 'इम्तिहान में पास', म्हणून ते 'इन' नकळत हातून उतरते.

ज्यांचे अर्ज तयार आहेत त्यांनी टपालात टाकण्यापूर्वी मला दाखवावेत. पाच मिनिटांचे काम आहे.