कोंडीचा गुन्हेगार

रस्त्यावर वाहनं तुंबली की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पुढे काय झालं?" आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, "कुणामुळे?" मग कुणी ट्रकवाल्यांवर घसरतं, कुणी रिक्षावाल्यांवर. कुणी पुढच्या गाडीचा नंबर वाचून 'बाहेरचं पासिंग दिसतंय' असा निकालच देऊन टाकतं. अर्ध्या तासाने रांग हलते, आपण पुढे सरकतो आणि बघतो तर तिथे काहीच नसतं. ना अपघात, ना बंद पडलेला ट्रक, ना खड्डा. मग आपण थांबलो होतो कशासाठी?

श्रोतेहो, या प्रश्नाचं उत्तर भौतिकशास्त्राने दिलेलं आहे. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. विज्ञानाशी माझं नातं केवळ वाचकाचं. पण हे उत्तर चार लोकांना सांगावं असं आहे.

जपानमधल्या नागोया विद्यापीठातले युकी सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. २००८ साली तो प्रसिद्ध झाला. त्यांनी २३० मीटर परिघाचा एक गोल रस्ता आखला आणि त्यावर २२ गाड्या सोडल्या. रस्त्याला ना सिग्नल, ना चौक, ना चढ. चालकांना सांगितलं, ताशी ३० किलोमीटरच्या आसपास वेग ठेवा, पुढच्या गाडीला धक्का लागू देऊ नका, बस्स. सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं. मग कुणाचा तरी वेग किंचित कमी झाला. मागच्याने ब्रेकवर पाय ठेवला, त्याच्या मागच्याने जरा जास्त दाबला, त्याच्या मागच्याने आणखी जास्त. थोड्याच वेळात काही गाड्या चक्क थांबल्या. पुढची गाडी सुटायची, तोवर मागून नवी येऊन अडकायची. गाड्या पुढे जात होत्या आणि कोंडी मात्र ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने उलटी, मागे सरकत होती.

हे घडतं, कारण पुढचा थांबतोय हे डोळ्यांनी पाहून पायाने ब्रेक दाबेपर्यंत माणसाचा सेकंदभर वेळ जातो. गेलेला वेळ भरून काढायला तो गरजेपेक्षा थोडा जास्त दाबतो. गाड्यांमध्ये अंतर भरपूर असेल तर ही चूक तिथेच जिरते. अंतर कमी असेल तर ती मागे जाता जाता वाढत जाते.

कोंडी ही लाट असते, हे गणिताने त्याआधीच सांगितलं होतं. १९५५ साली लाइटहिल आणि व्हिटॅम या दोन ब्रिटिश गणितज्ञांनी एक जोडलेख लिहिला. त्याचा पहिला भाग लांब नद्यांमधून सरकणाऱ्या पुरावर होता आणि दुसरा गर्दीच्या रस्त्यांवर! एकच गणित दोन्हीकडे लागू पडतं. एका किलोमीटरमध्ये किती गाड्या आहेत आणि त्यांचा वेग किती, यांचा गुणाकार म्हणजे तासाला पुढे जाणाऱ्या गाड्या. किलोमीटरमध्ये ३० गाड्या ताशी ६० ने गेल्या, तर तासाला १८०० गाड्या पार होतात. पण गाड्या दाटत जातात तसा वेग पडतो, आणि एका मर्यादेनंतर जितकी दाटी जास्त, तितक्या कमी गाड्या पार होतात. मोकळी जागा वाया जाते असं आपल्याला वाटतं. खरं तर रस्ता त्या जागेमुळेच वाहतो.

माझे अब्बा ट्रक चालवायचे. शाळेच्या सुट्टीत मी कधी कधी क्लीनरच्या जागेवर बसून त्यांच्याबरोबर जायचो. ते नव्या पोरांना सांगायचे, "पुढच्या गाडीकडे बघू नको, तिच्याही पुढच्या गाडीकडे बघ." त्यांना समीकरणं ठाऊक नव्हती, पण दूरवर पाहणारा चालक ब्रेक हळू आणि आधी दाबतो आणि लाट मोडतो, हे आज गणितही मान्य करतं.

आता तुम्ही म्हणाल, जपानचं सोडा, आपल्याकडे अंतर ठेवलं की त्यात लगेच कुणी तरी घुसतं. खरं आहे. आपल्या रस्त्यावर बस, टेम्पो, स्कूटर, सायकल एकत्र चालतात आणि लेन बहुधा रंगापुरतीच असते. म्हणून आपल्याकडे हे गणितही अधिक अवघड होतं. पण एक हिशेब करून पाहा. समजा, प्रवासात दहा गाड्या तुमच्यापुढे घुसल्या आणि प्रत्येकीसाठी तुम्ही २० मीटर मागे राहिलात. झाले २०० मीटर. ताशी ६० च्या वेगाने ते कापायला लागतात १२ सेकंद. एवढ्यासाठी आपण भांडतो!

याउलट, तुम्ही करकचून दाबलेल्या ब्रेकची लाट ताशी २० ने मागे निघाली, तर दोन किलोमीटरवरच्या माणसापर्यंत सहा मिनिटांत पोहोचते. तोवर तुम्ही बरेच पुढे निघून गेलेले असता. त्या रांगेत रुग्णवाहिका असू शकते. तुम्हाला ती दिसत नाही आणि तिच्या चालकालाही तुम्ही दिसत नाही.

सगळ्याच कोंड्या अशा नसतात. अरुंद पूल, उखडलेला रस्ता, अपघात यांचा दोष ज्याचा त्यालाच द्यायला हवा. आणि रस्त्याच्या ताकदीपेक्षा जास्त वाहनं आली, तर कितीही शहाणे चालक असले तरी रांग लागणारच. तिथे चांगल्या बससेवेला पर्याय नाही. पण ज्या कोंडीत गुन्हेगारच नसतो, तिथे आपण तो शोधतो, त्याला नाव देतो, गाव देतो, जात देतो. हा शोध मला त्या कोंडीपेक्षा जास्त घातक वाटतो.

अमेरिकेत ॲरिझोनामध्ये असाच गोल रस्त्यावरचा प्रयोग झाला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. सुमारे वीस गाड्यांमध्ये फक्त एक गाडी संगणकाच्या ताब्यात होती. ती धावपळ न करता, अंतर राखून, एकसारखी चालली. बाकीच्या साऱ्या गाड्या माणसंच चालवत होती, तरी लाट विरली आणि इंधनही कमी लागलं. वीसांत एक पुरतो! तेवढं तर आपल्यापैकी कुणालाही जमेल. उद्या सकाळी गाडी काढाल तेव्हा पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर ठेवा, आणि कुणी मध्ये आलाच तर त्याला येऊ द्या.