कार्बोरेटर काढताना

(कल्याण येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘स्त्रिया आणि तंत्रज्ञान’ या विषयावर मी कॉम्प्युटरबद्दल बोलेन असं तुम्हाला वाटलं असेल. मी बोलणार आहे पद्मिनी गाडीबद्दल. डोंबिवलीत मी गॅरेजमध्ये काम करते. एका जुन्या पद्मिनीचा कार्बोरेटर काढून तिथे आम्ही फ्युएल इंजेक्शन बसवलं, त्याची ही हकिगत.

पद्मिनी तुम्हाला माहीत आहेच. १९६४ पासून कुर्ल्याला बनायची, सुरुवातीला फियाट या नावानं. प्रीमियर कंपनीचा एक कारखाना आपल्या कल्याणकडेही होता, तिथे १९९० च्या दशकात प्यूजो ३०९ बनली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात बंद झाली. आता उरल्यात त्या घरच्या, जपलेल्या गाड्या.

कार्बोरेटर हे बिनडोक पण गुणी यंत्र. हवा अरुंद गळ्यातून वेगानं जाते, तिथला दाब उतरतो आणि जेटच्या बारीक भोकातून पेट्रोल ओढलं जातं. वजनानं एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा, हे गणित त्या भोकाच्या मापात बसवलेलं. पण आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला हे पेट्रोल जास्त लागतं. भोक मात्र तेवढंच. इंजिन अडखळतं. शिवाय इथेनॉल जुन्या रबरी नळ्या खातं.

इंजेक्शनमध्ये मोजमाप होतं. पुलीवर छत्तीस दात्यांचं चाक लावायचं, त्यातला एक दाता मुद्दाम गाळलेला. सेन्सर दाते मोजतो. रिकामी जागा आली की इंजिन कुठे फिरलंय ते कळतं. हवेचा दाब, पाण्याचं तापमान, सायलेन्सरमधला ऑक्सिजन, सगळं ईसीयूकडे जातं आणि तो इंजेक्टर किती वेळ उघडायचा ते ठरवतो. कोणत्या वेगाला, किती लोडला किती पेट्रोल, याचा तक्ता असतो, बाराखडीच्या तक्त्यासारखा.

मला बोलायचंय ते या तक्त्याबद्दल. कार्बोरेटरची विद्या उस्तादाच्या कानात आणि अंगठ्यात असे. डिसमिसनं स्क्रू अर्धा फेरा फिरवायचा, आवाज ऐकायचा. ती मिळायची पोऱ्याला, जो गॅरेजातच राहायचा, शिव्या खायचा, रात्री तिथेच झोपायचा. मुलीला कोण झोपू देणार? मुलींना यंत्र कळत नाही म्हणतात, पण मुलींना शिकायची जागाच नव्हती. आजही गिऱ्हाईक माझ्या डोक्यावरून आत बघतं, “मिस्त्री आहेत का?”

तक्ता कागदावर काढून मैत्रिणीला देता येतो. तिनं आपल्या गाडीचा तुम्हाला द्यावा. स्पीडुइनोसारख्या ईसीयूचा आराखडा आणि प्रोग्राम सगळ्यांना खुला आहे. कंपन्यांच्या नव्या गाड्यांत मात्र ईसीयूला कुलूप असतं; उस्तादाची जागा कंपनीनं घेतली एवढंच. म्हणून मी नव्या तंत्राचे नुसते गोडवे गात नाही.

आणि या कामाचा सर्वांत किचकट भाग म्हणजे वायरिंग. वाहन कारखान्यांसाठी हार्नेस बांधणाऱ्या हातांत मोठ्या संख्येनं बायकांचे हात आहेत, बऱ्याचजणी कंत्राटावर. वायर कुठे जाते ते त्यांना पाठ; ती तिथे काय करते हे कोणी सांगितलेलं नाही. ‘नाजूक बोटं’ म्हणून कामाला घेतात, आणि नाजूक कामाचा पगारही नाजूकच!

१८८८ मध्ये जर्मनीत बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता त्यानं बनवलेली मोटार घेऊन माहेरी निघाली. वाटेत इंधनाची नळी तुंबली, तिनं टोपीच्या पिनेनं साफ केली. मोटारीचा पहिला लांब प्रवास तो. नाव मात्र नवऱ्याचं जास्त गाजलं.

एकीनं विचारलं, घरच्या गाडीत हे करावं का? आधी आरटीओत विचारा, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण ती मूळ स्वरूपात हवी. तिथे घाई नको. काढलेला कार्बोरेटर भंगारात देऊ नका. जुन्या पंपाचा दाब अर्ध्या बारच्याही आत, इंजेक्शनचा साधारण तीन बार. त्यामुळे टाकीपासून नळ्या आणि क्लॅम्प नवे, आणि जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी वेगळी. नळी सोडण्याआधी दाब उतरवा आणि बॅटरीची मायनस वायर काढा.