मोजपट्टीचा माणूस



 तुम्हाला एक फोटो डोळ्यांपुढं आणायला सांगतो. इथून, खुलताबादेतून, घाट उतरला की वेरूळ. त्या लेण्यांची एकोणिसाव्या शतकातली छायाचित्रं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असतील. कोरीव खांब, दगडावर ठसठशीत सावली, आणि खांबाच्या पायथ्याशी उभा असलेला एक माणूस. डोक्याला मुंडासं, हात सरळ खाली, हललो तर फोटो बिघडेल म्हणून श्वास धरून ठेवलेला. फोटोखाली लेण्याचं नाव असतं, क्रमांक असतो. त्या माणसाबद्दल मात्र एक अक्षर नसतं. खांब केवढा उंच आहे ते साहेबाला कळावं, एवढ्यासाठी त्याला तिथं उभं केलेलं असतं. मी त्याला मोजपट्टीचा माणूस म्हणतो. आज मी जे बोलणार आहे, ते त्याच्याविषयीच.

छायाचित्रणाची कला १८३९ साली युरोपात जाहीर झाली आणि फार लवकर आपल्याकडे आली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी त्या पहिल्या पिढीतले छायाचित्रकार. म्हणजे कॅमेऱ्यामागं मराठी डोळा अगदी सुरुवातीपासून आहे, हे आपण अभिमानानं सांगावं. पण त्या काळाची रीतच अशी होती की काचेवर उतरलेला माणूस त्याच्या जातीनं, नाहीतर धंद्यानं ओळखला जाई. सरकारनं १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड काढले. त्यात देशभरचे चेहरे आहेत. चित्राखाली ठळक छापली आहे ती जमात, जात किंवा धंदा. आई ज्या नावानं हाक मारायची ते नाव तिथं फार क्वचित सापडतं.

आपल्या मुलखातलं मोठं उदाहरण रॉबर्ट गिल यांचं. १८४४ साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला त्यांना नेमलं. त्या मेहनतीतल्या बहुतेक नकला १८६६च्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्याआधीच गिल यांनी कॅमेरा हाती घेतला होता, आणि त्यांनी काढलेली लेण्यांची छायाचित्रं १८६४ साली पुस्तकरूपानं लंडनमध्ये छापली गेली होती. आल्यासारखे आले आणि गेले, असं काही गिल यांच्याबाबत म्हणता येणार नाही. ते शेवटपर्यंत याच भागात राहिले, १८७९ साली गेले, त्यांची कबर भुसावळला आहे. त्यांची सहचारिणी पारो १८५६ साली वारली, तिची कबर अजिंठा गावात आहे आणि तिच्या दगडावर तिचं नाव आहे. मी तिथं गेलो की त्या दगडापुढं बराच वेळ उभा राहतो. जिच्यावर जीव जडला तिचं नाव दगडावर कोरलं गेलं, आणि कॅमेऱ्यापुढं जे उभे राहिले ते बिननावाचे राहिले. नुसतं एका जागी राहिल्यानं माणसं दिसतातच असं नाही, हे गिलसाहेबांकडून शिकावं.

पुढं निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ आले. त्यांच्या नजरेतला तोल, उजेडाची जाण आजही थक्क करते. हैदराबादेत त्यांनी पडद्यातल्या स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला, तिथं कॅमेऱ्यामागं बाईच असे. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. समोरच्याला अवघडल्यासारखं होणार नाही अशी व्यवस्था आधी करायची आणि मग फोटो काढायचा, हा विचार त्यांनी १८९०च्या दशकात केला होता.

आता माझी एक गोष्ट सांगतो. मी गुलमंडीजवळच्या एका स्टुडिओत काम शिकलो. लाल दिव्याखाली ट्रेमध्ये कागद हलवायचा, चेहरा वर यायला लागला की श्वास रोखायचा, वेळेवर उचलून हायपोत टाकायचा. लग्न, बारसं, पासपोर्ट साइज यात दिवस जायचा. पण मनात मोठ्या छायाचित्रकारांची पुस्तकं घोळत असायची. एका रविवारी सायकल घेऊन कागजीपुऱ्याला गेलो. दौलताबादच्या पुढं, खुलताबादच्या वाटेवरचं गाव. हातकागद बनवण्याचं काम तिथं शेकडो वर्षं चालत आलंय. एक वयस्क कारागीर हौदापाशी बसला होता. चाळणी पाण्यात तिरकी घालायची, लगद्यासकट आडवी वर काढायची, दोन हिसके द्यायचे, की पाणी निथळून जातं आणि मागं ओला, पांढरा, दुधावरच्या सायीसारखा थर राहतो. वर्षानुवर्षं पाण्यात राहून त्याच्या बोटांना सुरकुत्या पडलेल्या. मी त्या हातांवरच खिळलो. अख्खा रोल हातांवर संपवला.

पंधरा दिवसांनी प्रिंट घेऊन गेलो. मला वाटलं, खूश होतील. त्यांनी एकेक फोटो उलटून पाहिला आणि म्हणाले, “हाताँच निकाले क्या? मेरा मुँह किदर है?”

मी हसण्यावारी नेलं. कला काय असते हे त्यांना कसं कळणार, असं तेव्हा वाटलं, हे कबूल करतो. पुढच्या पावसाळ्यात त्यांचा मुलगा स्टुडिओत आला. वडील गेले होते. घरात लावायला फोटो हवा होता. माझ्याकडं छत्तीस फ्रेम होत्या आणि एकाही फ्रेममध्ये चेहरा नव्हता. पोरगा काही बोलला नाही, निगेटिव्हची पट्टी उजेडासमोर धरून पाहिली, परत दिली आणि गेला. मोजपट्टीचा माणूस मीही उभा केला होता. साहेबाचं मोजमाप उंचीचं होतं, माझं सौंदर्याचं.

म्हणून अलीकडची काही कामं पाहिली की मला फार बरं वाटतं. अकोल्याचे सुधारक ओलवे मुंबईत वृत्तछायाचित्रकार होते. महानगरपालिकेच्या सफाई कामगारांमागं ते वर्षानुवर्षं गेले. गटारात उतरले, आणि तितकेच त्यांच्या खोल्यांत जाऊन बसले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या फोटोंत घाण आहे, पण त्या घाणीत उभा असलेला माणूस आपल्या डोळ्याला डोळा देतो. संदेश भंडारे तमाशाच्या फडांबरोबर फिरले, कनातीच्या मागं राहिले. तिथं कलावंतीण पोराला पाजते, कुणी चुन्याची डबी शोधतं, कुणी उताणं पडून झोप काढतं. पुढच्या रांगेत बसून शिट्टी मारणाऱ्याला हे कधीच दिसलं नसतं.

त्यांच्या नंतरचे इंद्रजित खांबे. राहणार कणकवली. मुंबई गाठायलाच हवी, असं या गृहस्थांना वाटलं नाही. घराभोवतीचं कोकण, दशावतारी नट, आपली माणसं. पुरुष नट स्त्रीभूमिकेसाठी आरशापुढं बसलाय, अर्धा चेहरा रंगलाय, अर्धा अजून शेतकऱ्याचा आहे, हे टिपायला त्या नटानं तुम्हाला घरातलं मानावं लागतं. त्यांनी कोल्हापूरच्या तालमीतले पैलवान मोबाइलच्या कॅमेऱ्यानंही टिपले आणि ते काम जगभर पाहिलं गेलं. “सर, चांगला कॅमेरा नाही,” असं मला सांगणाऱ्या प्रत्येक मुलाला मी कणकवलीकडं बोट दाखवतो.

आणि ‘पारी’. पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१४मध्ये सुरू केलेलं ग्रामीण भारताचं हे भांडार. त्यात चेहऱ्यांचा एक स्वतंत्र विभाग आहे. देशातल्या प्रत्येक जिल्ह्यातून चेहरे आणायचा त्यांचा प्रयत्न आहे, आणि चेहऱ्याबरोबर नाव, काम, गाव. दीडशे वर्षांपूर्वीचे ते आठ खंड आणि हा विभाग शेजारी शेजारी ठेवून बघा. चेहरे तसेच आहेत, ओळी बदलल्यात.

इथं एक शंका मी स्वतःच काढतो. नाव लिहिलं की फोटो चांगला, असं आहे का? मुळीच नाही. आणि नाव नसलं म्हणून वाईट, असंही नाही. आयर्लंडमध्ये गेल्या काही वर्षांत नव्या छायाचित्रकारांची मोठी फळी उभी राहिली. त्यातल्या एमन डॉयल यांचं २०१४ सालचं पुस्तक मी मित्राकडं पाहिलं. डॉयल यांनी तरुणपणी छायाचित्रण शिकून सोडून दिलं, जवळपास वीस वर्षं संगीताच्या व्यवसायात घालवली, आणि परत येऊन डब्लिनमधल्या आपल्या घराभोवतीच्या रस्त्यांवर कॅमेरा लावला. म्हातारी माणसं, पाठमोरी, वरून पाहिलेली. डोक्याला रुमाल, खांद्याला पिशवी, चाल थकलेली. चेहरा जवळजवळ कुठंच नाही, नाव तर नाहीच. तरीही ती पाठ पाहून गळ्यात आवंढा येतो. मी अडखळलो. माझ्या कारागिराचे हात आणि ही पाठ, फरक काय?

विचार करता मला एवढं कळलं. डॉयल यांची माणसं शहरातली अनोळखी माणसं आहेत. ते ज्या अंतरावर उभे आहेत ते अंतर त्यांनी लपवलेलं नाही. ते एकटेपण हाच त्यांचा विषय आहे. मी मात्र त्या कारागिराच्या घरचा चहा प्यायलो होतो. त्यांचं नाव मला माहीत होतं. चहा पिऊन चेहरा गाळायचा, हे खोटं होतं. तेव्हा डब्लिनची तऱ्हा उचलून खुलताबादेत आणू नका. इथल्या गल्लीत तुम्ही कुणाचे तरी भाचे आहात, कुणाच्या तरी मुलाचे वर्गमित्र आहात. तुमचं अंतर वेगळं आहे, त्याला शोभेल असा फोटो तुम्हालाच शोधावा लागेल.

आणि खुलताबादेत शोधण्यासारखं किती आहे! बातमी झाली की बाहेरचे कॅमेरे इथं येतात, एका कबरीभोवती उभे राहतात आणि सांजेला परत जातात. या गावात भद्रा मारुतीला शनिवारी पायी येणारी माणसं आहेत. बुऱ्हाणुद्दीन आणि जैनुद्दीन यांच्या दर्ग्यांत झाडलोट करणारे हात आहेत, मलिक अंबरच्या मकबऱ्याच्या सावलीत शेळ्या घेऊन बसणारी पोरं आहेत, मोसमात रस्त्याकडेला सीताफळाच्या पाट्या मांडणाऱ्या बाया आहेत. पहाटे उठून आईबरोबर पाटी भरणाऱ्या मुलीच्या हातात आज मोबाइल आहे. ती जे टिपेल ते मला टिपता येणार नाही, दीनदयाळांनाही आलं नसतं. तिला इथं बोलवा. पुढच्या संमेलनात अध्यक्षाच्या या जागेवर तिच्यासारखं कुणी बसावं, अशी माझी इच्छा आहे.

तरुण छायाचित्रकार मित्रांकडं एकच मागणं. काढलेला फोटो छापा आणि ज्याचा आहे त्याच्या हातात नेऊन द्या. मोबाइलवर पाठवला म्हणजे दिला असं समजू नका, मोबाइल फुटतो. प्रिंटच्या मागं पेन्सिलीनं नाव, गाव, तारीख लिहा. शाई फुटते, पेन्सिल टिकते. आणि एखादा तरी फोटो कागजीपुऱ्याच्या कागदावर छापून बघा. बारीक तपशील जरा कमी उमटेल, काळा रंग पोटात ओढून घेतो तो कागद, पण हातात धरल्यावर जे वाटतं ते सांगून कळायचं नाही.

सभागृहाच्या मागच्या भिंतीवर संयोजकांनी माझ्या सांगण्यावरून या गावातले जुने फोटो लावले आहेत. घरोघरच्या पेट्यांतून, बंद पडलेल्या स्टुडिओंच्या खोक्यांतून आलेले. बहुतेकांखाली कोरा कागद चिकटवलाय आणि बाजूला दोरीनं पेन्सिल बांधली आहे. सकाळी दरवाजे उघडले तेव्हा मी तिथंच होतो. नातवाचा हात धरून एक आजी आल्या, टांग्याजवळ उभ्या असलेल्या एका माणसापाशी थांबल्या, चष्मा वर-खाली केला आणि नातवाला म्हणाल्या, “लिही रे, हे माझे सासरे. आणि घोडीचं नावपण लिही.” त्यानं दोन्ही नावं लिहिली आहेत. चहाला उठाल तेव्हा आधी तिकडं जाऊन वाचा.